नकाशा बदलतो तेव्हा: वऱ्हाडातले ख्रिस्ती आणि देवाचं सार्वभौमत्व

आपण पुसदला बसलोय, म्हणून सुरुवात पुसदपासूनच करू. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हाती सोपवलं. १९०३ मध्ये ते मध्य प्रांताला जोडलं गेलं. १९५० मध्ये त्याच प्रांताचं मध्य प्रदेश राज्य झालं, राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ला आपण द्विभाषिक मुंबई राज्यात गेलो, १ मे १९६०ला महाराष्ट्रात आलो. शेत तेच, सारा घेणारं सरकार बदलत गेलं. मग देव सार्वभौम आहे असं आम्ही ख्रिस्ती लोक म्हणतो, ते यांपैकी कोणत्या सरकारकडे बघून?

आधी १९४९ बघू. संविधान सभेचे उपाध्यक्ष होते हरेंद्रकुमार मुखर्जी, कलकत्त्याचे इंग्रजीचे प्राध्यापक, धर्माने ख्रिस्ती. त्या वर्षीच्या मे महिन्यात धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागा रद्द करायचं ठरलं आणि मुखर्जींनी त्याला पाठिंबाच दिला. संविधानाच्या पंचविसाव्या कलमात धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रचार करण्याचा हक्क आला. आमच्या लोकांना वाटलं, झालं, आता काळजी मिटली.

पुरती पाच वर्षंही झाली नाहीत. एप्रिल १९५४ मध्ये रविशंकर शुक्लांच्या सरकारने ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला समिती नेमली. अध्यक्ष भवानीशंकर नियोगी, नागपूर हायकोर्टाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश. हे लांबचं सरकार नव्हतं बरं का. आपल्या पुसदचे वसंतराव नाईक त्याच मंत्रिमंडळात महसूल खात्याचे उपमंत्री होते. समितीने ९९ प्रश्नांची प्रश्नावली काढली. समितीत एक ख्रिस्ती सदस्यही होते, गांधींच्या विचारांचे एस. के. जॉर्ज. आणि याच सुमारास, १९५३ मध्ये, यवतमाळला युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली होती. म्हणजे एकाच राज्यात एकीकडे पाळक घडवायचं काम नुकतं सुरू झालेलं, आणि दुसरीकडे त्याच धर्माच्या प्रचारावर सरकारी चौकशी बसलेली.

मग भरवसा ठेवणारे फसले का?

भरवसा कशावर ठेवला होता, ते आधी विचारलं पाहिजे. देव राज्य करतो म्हणजे सरकार आपल्याशी नीट वागेल, असा अर्थ लावला असेल तर हो, फसले. पण पौलाने रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात अधिकाऱ्यांच्या अधीन राहा असं लिहिलं, ते रोमी सम्राटाच्या अमलात बसून. आणि तोच पौल पुढे अन्याय होतोय असं दिसल्यावर कैसराकडे दाद मागतो. अधीन राहणं आणि दाद मागणं यांत त्याला विरोध दिसला नाही. नागपूरच्या कॅथलिक पुढाऱ्यांनीही तेच केलं. प्रश्नावली संविधानाविरुद्ध आहे म्हणून ते हायकोर्टात गेले. काही भाविकांना वाटतं, कोर्टाची पायरी चढणं म्हणजे विश्वास कमी. आम्हाला हे अजिबात पटत नाही. अर्ज फेटाळला गेला, ही गोष्ट वेगळी.

१९५६ मध्ये अहवाल आला. धर्मांतर हाच मुख्य हेतू असलेल्या परदेशी मिशनऱ्यांना परत पाठवावं, आणि गैरमार्गाने होणाऱ्या धर्मांतराला कायद्याने बंदी घालावी, अशा त्याच्या शिफारशी. आणि त्याच वर्षी, नोव्हेंबरात, यवतमाळ जिल्हा मध्य प्रदेशातून बाहेर पडला! १९६८ मध्ये तिथे धर्मस्वातंत्र्याचा कायदा झाला तेव्हा आपण त्याच्या कक्षेत नव्हतोच.

आता इथे कुणीतरी नक्की म्हणणार, बघा, देवाने वाचवलं. मंडळी, तत्त्वज्ञान शिकवण्यात आमचा जन्म गेला, म्हणून असं वाक्य ऐकलं की आम्ही थबकतो. राज्यांची फेररचना भाषेवर झाली. ती आमच्यासाठी कुणी केली नव्हती. आणि रायगड, सरगुजाचे ख्रिस्ती? (हे रायगड छत्तीसगडचं, कोकणातलं नव्हे.) ते मध्य प्रदेशातच राहिले. नियोगी समितीची मुख्य नजर तर त्यांच्याच भागावर होती. त्यांनी प्रार्थना कमी केली होती का? सरहद्दीच्या अलीकडे देव कृपाळू आणि पलीकडे गैरहजर, असा देव बायबलमध्ये कुठे सापडत नाही. यवतमाळची सुटका ही कृपेची खूण मानली, तर सरगुजाचा कायदा कोपाची खूण मानावा लागेल, आणि ते आम्हाला तिथल्या भावंडांच्या तोंडावर म्हणता येणार नाही.

असे कायदे करण्याची भाषा आता आपल्या महाराष्ट्रातही कानांवर येते. तेव्हा १९५६ची ही गोष्ट इथल्या मंडळ्यांमधून पुन्हा सांगितली जाईल, आणि ती सरगुजाला वगळून सांगण्याचा मोह होईल. ती वगळू नका. आता प्रश्न घेऊ.