गणिताच्या पदवीनंतर काय? चंद्रपूर-गडचिरोलीतील विद्यार्थ्यांसाठी वाटा आणि अटी

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील महाविद्यालये २०११ साली स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाशी संलग्न आहेत. येथे गणित घेऊन बी.एस्सी. करणाऱ्या विद्यार्थ्याला घरातून बहुधा एकच प्रश्न विचारला जातो: पुढे मास्तर होणार का? शिक्षकी पेशा ही मोठी आणि चांगली वाट आहेच, पण ती एकमेव नाही. मात्र प्रत्येक वाटेची पात्रता वेगळी असते आणि तिचा निर्णय बऱ्याचदा पदवीच्या पहिल्या वर्षी विषय निवडतानाच होऊन जातो.

जंगलातले गणित

गणिताचा उपयोग पाहण्यासाठी लांब जायला नको. ताडोबातील वाघ एकेक करून मोजता येत नाहीत. समजा, पहिल्या फेरीत कॅमेऱ्यांत २० वाघ टिपले आणि पट्ट्यांवरून त्यांची ओळख पटवली. दुसऱ्या फेरीत २५ दिसले, त्यांतले १० आधीचेच. म्हणजे ओळखीचे वाघ एकूण संख्येच्या दोन पंचमांश असावेत आणि एकूण वाघ सुमारे ५०. प्रत्यक्षातील पद्धत याहून गुंतागुंतीची आहे. तीत कॅमेऱ्यांच्या जागाही विचारात घेतल्या जातात. दर चार वर्षांनी होणाऱ्या देशव्यापी व्याघ्रगणनेचा पाया मात्र हाच आहे.

दुसरे उदाहरण गडचिरोलीचे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेण्याची पद्धत ३९ गावांत राबवली आणि ४७ गावांशी तुलना केली. नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ही घट योगायोगाची नाही, हे ठरवायला संख्याशास्त्र लागते. आरोग्य संशोधनात जैवसंख्याशास्त्रज्ञाचे काम ते हेच.

शिक्षण आणि संशोधन

माध्यमिक शाळेसाठी बी.एस्सी.नंतर बी.एड. लागते, तर कनिष्ठ महाविद्यालयासाठी एम.एस्सी. आणि बी.एड. राज्यातील शिक्षकभरती अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टलमार्फत होते. आदिवासी भागांतील एकलव्य निवासी शाळा आणि नवोदय विद्यालये यांची भरती स्वतंत्रपणे, देशपातळीवर होते.

वरिष्ठ महाविद्यालयात सहायक प्राध्यापक होण्यासाठी एम.एस्सी.ला ५५ टक्के गुण आणि नेट किंवा सेट लागते. राखीव प्रवर्गांना गुणांत सवलत आहे. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. सीएसआयआर-यूजीसी नेटमधून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली, तर पीएच.डी. करताना दरमहा विद्यावेतन मिळते.

आयआयटीत एम.एस्सी. करायचे असेल तर ‘जॅम’ परीक्षा द्यावी लागते. तीत गणित आणि गणिती संख्याशास्त्र अशा दोन वेगळ्या प्रश्नपत्रिका आहेत. भारतीय सांख्यिकी संस्था आणि चेन्नई गणित संस्था आपापल्या प्रवेश परीक्षा घेतात.

सरकारी सेवा: अटीतला एक शब्द

येथे सर्वाधिक गोंधळ होतो. भारतीय सांख्यिकी सेवेसाठी पदवीला संख्याशास्त्र, गणिती संख्याशास्त्र किंवा उपयोजित संख्याशास्त्र हा विषय असावा लागतो किंवा त्यांतील पदव्युत्तर पदवी लागते. केवळ गणिताची पदवी असेल आणि अशी पदव्युत्तर पदवीही नसेल, तर चांगले गुण असूनही अर्ज बाद होतो. म्हणून महाविद्यालयात संख्याशास्त्राचा पर्याय असेल, तर पहिल्याच वर्षी त्याचा विचार करावा.

कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीधर परीक्षेतील कनिष्ठ सांख्यिकी अधिकारी पदाची अट सौम्य आहे. पदवीला संख्याशास्त्र नसले, तरी बारावीत गणितात किमान ६० टक्के गुण असलेला कोणताही पदवीधर पात्र ठरतो.

वनजिल्ह्यांत राहूनही अनेकांच्या लक्षात न येणारी गोष्ट म्हणजे भारतीय वन सेवा. तिच्या पात्र विषयांच्या यादीत वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्राबरोबर गणित आणि संख्याशास्त्रही आहेत. तिची पूर्वपरीक्षा नागरी सेवेच्या पूर्वपरीक्षेतूनच होते. नागरी सेवेच्या मुख्य परीक्षेतही गणित हा वैकल्पिक विषय घेता येतो.

बँकांच्या परीक्षांना कोणतीही पदवी चालते. तेथे विचारले जाते ते शालेय अंकगणित आणि तर्क, तेही घड्याळ लावून. त्यामुळे गणिताच्या पदवीधरालाही वेगळा सराव करावाच लागतो.

खासगी क्षेत्र

विमा कंपन्यांत जोखीम आणि हप्ते यांचे गणित मांडणाऱ्याला ॲक्च्युअरी म्हणतात. त्यासाठी भारतीय ॲक्च्युअरी संस्थेच्या परीक्षा टप्प्याटप्प्याने द्याव्या लागतात. नोकरी करतानाही त्या देता येतात, मात्र पूर्ण व्हायला अनेक वर्षे लागू शकतात. संगणक क्षेत्रात जायचे असेल तर एमसीए किंवा विदा-विज्ञानातील पदव्युत्तर शिक्षण घेता येते. दोन्हींसाठी संभाव्यता, रेषीय बीजगणित आणि एखादी प्रोग्रॅमिंग भाषा पक्की हवी.

खर्चाचा प्रश्न

पात्र विद्यार्थ्यांसाठी महाडीबीटी पोर्टलवर शिष्यवृत्त्या आहेत. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम योजना आहे. गणितातील एमटीटीएस हे उन्हाळी प्रशिक्षण १९९३ पासून चालते आणि निवड झालेल्यांच्या राहण्या-जेवणाचा खर्च त्यातच भागतो. घोकंपट्टीऐवजी सिद्धता स्वतः शोधायची सवय तेथे लागते. बी.एस्सी.च्या विद्यार्थ्यांसाठीची माधव गणित स्पर्धा हीदेखील स्वतःला अजमावण्याची चांगली संधी आहे.

केव्हा काय करावे

• पहिले वर्ष: जोडविषय ठरवताना हव्या असलेल्या सेवेची जुनी जाहिरात वाचून पात्रतेची अट तपासावी.
• दुसरे वर्ष: एक प्रोग्रॅमिंग भाषा शिकावी, स्पर्धा आणि शिबिरांचे अर्ज भरावेत.
• तिसरे वर्ष: ‘जॅम’चे अर्ज वर्षाच्या पूर्वार्धातच निघतात, परीक्षा फेब्रुवारीत असते. निकालाची वाट पाहत बसल्यास वर्ष वाया जाते.

वयोमर्यादा, गुण आणि विषयांच्या अटी बदलू शकतात. त्यामुळे अर्ज भरण्यापूर्वी त्या वर्षीची मूळ अधिसूचना वाचावी, सांगोवांगी माहितीवर विसंबू नये.