पेला रिकामा झाला, पुढे काय?

व्हिएन्नातील एका तरुणीला ऐन उन्हाळ्यात, तहानेने जीव कासावीस होत असताना, पाणी पिता येईनासे झाले. पेला ओठांशी नेला की ती तो दूर सारी. सुमारे सहा आठवडे तिने रसाळ फळांवर तहान भागवली. मग एके दिवशी संमोहनावस्थेत तिने डॉक्टरांना सांगितले की घरातल्या इंग्रज सोबतिणीच्या कुत्र्याला पेल्यातून पाणी पिताना तिने पाहिले होते. किळस आली होती, पण सभ्यतेपोटी ती गप्प राहिली होती. साचलेला संताप बोलून टाकल्यावर तिने पाणी मागितले, भरपूर प्यायली, आणि पेला ओठांशी असतानाच जागी झाली. ते लक्षण पुन्हा उद्भवले नाही.

ही हकीकत डॉ. योसेफ ब्रॉयर यांची. ब्रॉयर आणि फ्रॉइड यांच्या १८९५ सालच्या 'स्टडीज ऑन हिस्टेरिया' या ग्रंथात ही तरुणी 'ॲना ओ.' या नावाने येते. आजारात तिची मातृभाषा जर्मन हरपली होती, ती इंग्रजीतच बोले. म्हणून या उपचाराला तिने दिलेले नावही इंग्रजी आहे: 'टॉकिंग क्युअर'. विनोदाने ती त्याला धुराडे झाडणेही म्हणे. ज्या उपचारपद्धतीचा पुढे शतकभर जगभर प्रसार झाला, तिचे बारसे एका रुग्णाने केले, हे सहसा विसरले जाते.

उपचाराचा आपल्याला उपयोग होतो आहे की नाही, हे रुग्णाने कसे ओळखायचे? हा प्रश्न आज कोणीही विचारील. पण रुग्णाच्या बाजूने तो विचारण्याची सोय त्या ग्रंथाच्या घडणीतच नाही. रुग्णकथा लिहितो डॉक्टर. आपल्या रुग्णकथा लघुकथांसारख्या वाचल्या जातात, याचे नवल (आणि थोडा संकोच) फ्रॉइडने याच ग्रंथात व्यक्त केला आहे. साहित्याच्या अभ्यासकाला यातली मेख लगेच कळावी. कथेला शेवट लागतो आणि तो कोठे करायचा हे निवेदक ठरवतो. पाणी प्यायल्याचा प्रसंग कथेसाठी सुरेख आहे. कारण सापडते, भावना मोकळी होते, लक्षण जाते. आजाराला मात्र असा शेवट असतोच असे नाही.

ब्रॉयर यांचे उपचार १८८० च्या अखेरीस सुरू झाले आणि जून १८८२ मध्ये थांबले. मधल्या काळात, एप्रिल १८८१ मध्ये, तिचे वडील वारले. त्यांचीच शुश्रूषा करता करता ती आजारी पडली होती. ग्रंथात ब्रॉयर लिहितात की उपचारानंतर ती व्हिएन्ना सोडून प्रवासाला गेली, मनाचा तोल पूर्णपणे सावरायला बराच काळ लागला, आणि तेव्हापासून तिची प्रकृती उत्तम आहे. या 'बराच काळ' दोन शब्दांत काय दडले होते, ते बाहेर यायला नव्वद वर्षे लागली.

१९५३ साली अर्नेस्ट जोन्स यांनी फ्रॉइडचरित्रात तिचे खरे नाव उघड केले: बर्था पापेनहाइम. पुढे इतिहासकार आंरी एलेनबर्गर यांच्या हाती तिचे एक छायाचित्र आले. ते कॉन्स्टान्झ येथे काढलेले होते, अंगावर घोडेस्वारीचा पोशाख. त्या धाग्यावरून ते जवळच्याच, स्वित्झर्लंडमधील क्रॉइत्सलिंगेनच्या 'बेलव्ह्यू' आरोग्यधामापर्यंत पोचले, आणि १९७२ मध्ये त्यांनी तिथली कागदपत्रे प्रकाशात आणली. जुलै ते ऑक्टोबर १८८२ ती तेथे दाखल होती. चेहऱ्याच्या तीव्र वेदनांवर दिलेल्या मॉर्फिनची तिला सवय लागली होती आणि ती सुटत नव्हती. १८८३ ते १८८७ या काळात व्हिएन्नाजवळच्या इन्झर्सडॉर्फ येथील रुग्णालयात ती तीन वेळा राहिली. बेलव्ह्यूच्या कागदांत ब्रॉयर यांनी स्वतः लिहून पाठवलेला अहवालही होता. म्हणजे ग्रंथ लिहिताना त्यांना हे ठाऊक होते.

यावरून काही अभ्यासकांनी सगळे प्रकरणच बनाव ठरवले. मला तो निकाल उतावळा वाटतो. 'बराच काळ' हे शब्द ब्रॉयर यांनी लिहिले आहेतच, आणि एखादे लक्षण जाणे व माणूस बरा होणे या दोन गोष्टी एक नव्हेत, एवढे मान्य केले तर पेल्याची हकीकत अवघड उरत नाही. अवघड आहे ती दुसरीच गोष्ट. त्याच बेलव्ह्यूच्या कागदांत खुद्द रुग्णाने आपल्या आजाराविषयी इंग्रजीत लिहिलेले टिपण आहे. जर्मन मुलगी असून जर्मन बोलता, वाचता, समजता येत नाही, ही अवस्था ते वर्णन करते. अल्ब्रेख्ट हिर्शम्युलर यांच्या १९७८ च्या संशोधनामुळे ते वाचकांसमोर आले. ज्या महिन्यांत तिचा उपचार 'संपलेला' होता, त्या महिन्यांतले तिचे स्वतःचे शब्द.

इथे मराठीत लिहिताना एक अडचण येते. ॲना ओ. ला आपण आपसूक 'ती' म्हणतो; रुग्णकथेतली व्यक्ती एकेरीच होते. पण १८८८ मध्ये आईबरोबर फ्रँकफर्टला गेलेल्या बर्था पापेनहाइम यांना 'त्या' म्हणणेच भाग आहे. १८९९ मध्ये त्यांनी मेरी वुलस्टनक्राफ्टचा स्त्रीहक्कांवरील ग्रंथ जर्मनमध्ये आणला, १९०४ मध्ये ज्यू स्त्रियांची संघटना उभारली, १९०७ मध्ये नॉय-इझेनबुर्ग येथे निराधार मुली व अविवाहित मातांसाठी आश्रयगृह काढले, स्त्रियांच्या व्यापाराविरुद्ध देशोदेशी हिंडल्या. याचे श्रेय ब्रॉयर यांच्या उपचाराला द्यावे काय? त्यांनी स्वतः त्या वर्षांविषयी जाहीरपणे काहीच लिहिले नाही. आश्रयगृहातील मुलींवर मनोविश्लेषण करायला त्यांचा विरोध होता, असे त्यांच्या सहकाऱ्यांनी नमूद केले आहे. मौन हीदेखील साक्षच असते, फक्त तिचा अर्थ लावणे आपल्या सोयीवर जाते.

बोललेला रुग्ण हवा असेल तर सर्गेई पांकेयेव, म्हणजे फ्रॉइडचा 'वुल्फ मॅन'. १९१० पासून चार वर्षे उपचार करून फ्रॉइडने १९१४ च्या उन्हाळ्यात त्याला बरा झालेला मानून निरोप दिला. १९१९ मध्ये तो परत आला. १९२६ मध्ये नाकाच्या विद्रूपतेच्या ध्यासाने पछाडलेला असा तो रूथ मॅक ब्रुन्सविक यांच्याकडे गेला. १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठवणींत तो फ्रॉइडविषयी कृतज्ञतेने लिहितो. पण कारिन ओबहोल्त्सर या पत्रकार स्त्रीला त्याने आपल्या मृत्यूनंतर छापण्याच्या अटीवर मुलाखती दिल्या. १९८० मध्ये निघालेल्या त्या पुस्तकात तो आपण बरे झाल्याचे साफ नाकारतो. दोन्हींपैकी खोटे काय? माझ्या मते काहीच नाही. आपल्याला समजून घेणारा माणूस भेटल्याचा दिलासा आणि आपले जगणे बदलल्याचा पुरावा यांतले अंतर त्याला उमगले ते फार उशिरा, आणि तेही डॉक्टरमंडळींच्या वर्तुळाबाहेरची एक व्यक्ती ऐकायला बसली तेव्हा.

डॉक्टरांना हे अंतर कितपत दिसते, याचे उत्तर २००५ मधील एका अमेरिकी अभ्यासात आहे. ५५० रुग्णांपैकी कोणाची स्थिती उपचारांच्या शेवटी खालावलेली असेल, असे उपचारकांना विचारले होते. त्यांनी तिघांची नावे दिली. प्रत्यक्षात चाळीस जणांची स्थिती खालावली, आणि त्या तिघांतला एकच त्यांत होता. मायकेल लॅम्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुचवलेला मार्ग साधा आहे: प्रत्येक भेटीआधी रुग्णानेच ४५ प्रश्नांची प्रश्नावली भरायची. झोप, काम, घरातली भांडणे, जगण्याचा कंटाळा. वाङ्मयीनदृष्ट्या ती अगदीच रूक्ष. तिच्यात ना उत्कर्षबिंदू, ना कुत्रा, ना पेला. पण ती भरताना लेखणी रुग्णाच्या हातात असते.

१९५४ मध्ये, म्हणजे जोन्स यांनी नाव फोडले त्याच्या पुढच्याच वर्षी, पश्चिम जर्मनीने मानवतेच्या साहाय्यकर्त्यांवरील मालिकेत पापेनहाइम यांचे टपाल तिकीट काढले. त्यावर त्यांचा चेहरा आहे आणि पूर्ण नाव आहे.