तीनशेंच्या शेजारी मेलेले

इ.स.पू. ४८० च्या उन्हाळ्याच्या अखेरीस थर्मोपिलीच्या खिंडीत, लढाईच्या तिसऱ्या दिवशी, स्पार्टाचे तीनशे योद्धे मारले गेले. त्यांच्या खांद्याला खांदा लावून थेस्पिया नावाच्या एका लहान नगराचे सातशे जण मारले गेले. २००७ साली जगभर गाजलेल्या '३००' या चित्रपटात त्या सातशेंपैकी एकही माणूस दिसत नाही. हा धागा त्या सातशेंविषयी आहे, आणि त्यांच्याहूनही खोल विस्मृतीत गेलेल्या आणखी काहींविषयी.

आधी चित्रपटाची बाजू. झॅक स्नायडरने तो फ्रँक मिलरच्या १९९८ च्या चित्रकादंबरीवरून केला. मिलरने लहानपणी याच लढाईवरचा १९६२ चा एक चित्रपट पाहिला होता आणि तो त्याच्या मनातून कधी गेला नाही. स्नायडरने मॉन्ट्रियलच्या स्टुडिओत, जवळजवळ सर्व काही निळ्या पडद्यासमोर चित्रित केले. आकाश, कडे आणि समुद्र नंतर संगणकावर घातले. कित्येक चौकटी पुस्तकातून जशाच्या तशा उचललेल्या आहेत. रक्त उडते तेही शाईच्या फटकाऱ्यासारखे. स्पार्टन योद्धे उघड्या अंगाने, तांबडी वस्त्रे पाठीवर टाकून लढतात. खरा ग्रीक पायदळ सैनिक शिरस्त्राण, छातीचे व पोटऱ्यांचे कवच आणि कांस्याने मढवलेली जड ढाल घेऊन उभा राही. पण याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. ग्रीक कुंभांवरचे चित्रकारही वीरांना विवस्त्रच रंगवीत.

चित्रपटाचा आणखी एक चतुर बचाव त्याच्या कथनातच आहे. सगळी हकीकत डिलिओस नावाचा एकाक्ष स्पार्टन सांगतो, आणि तो ती पुढच्या वर्षीच्या प्लॅटियाच्या लढाईआधी सैनिकांना चेव आणण्यासाठी सांगतो. शत्रू राक्षसी दिसतात ते त्यामुळे. अतिशयोक्तीचा हिशेब असा लागतो. वगळलेल्या गोष्टींचा मात्र लागत नाही, कारण ज्या गोष्टी वगळल्या आहेत त्या सर्व एकाच दिशेने झुकतात.

दूतांना विहिरीत ढकलण्याचा प्रसिद्ध प्रसंग घ्या. तो घडला, पण दहाएक वर्षे आधी, दारियसच्या काळात. हिरोडोटस त्याचा उत्तरार्धही सांगतो. दूतहत्येचे पातक आपल्याला भोवते आहे असे वाटून स्पार्टाने स्पेर्थियस आणि बुलिस या दोन स्वयंसेवकांना प्रायश्चित्त म्हणून मरण्यासाठी पर्शियाच्या दरबारी पाठवले. झर्क्सिसने त्यांना मारण्यास नकार दिला. दूत मारून स्पार्टाने सर्व मानवजातीचा नियम मोडला, तोच दोष आपण करणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. चित्रपटात विहीर आहे, झर्क्सिसही आहे, हा प्रसंग मात्र नाही.

आता संख्या. हिरोडोटसने खिंडीतल्या ग्रीकांची नगरवार यादीच दिली आहे : स्पार्टाचे ३००, टेजियाचे ५००, मँटिनियाचे ५००, ऑर्कोमेनसचे १२०, उरलेल्या आर्केडियाचे १०००, कॉरिंथचे ४००, फ्लियसचे २००, मायसिनीचे ८०. याखेरीज थेस्पियाचे ७००, थीब्जचे ४००, फोकिसचे १००० आणि लोक्रियनांचे सगळे बळ. बेरीज सात हजारांच्या आसपास जाते. पहिले दोन दिवस खिंड लढवली ती यांपैकी बहुतेकांनी, आळीपाळीने.

चित्रपटात या सगळ्यांच्या वतीने काही आर्केडियन येतात. लिओनिडास त्यांना व्यवसाय विचारतो. एक कुंभार निघतो, एक शिल्पकार, एक लोहार. मग तो आपल्या तीनशेंकडे वळून तोच प्रश्न करतो आणि उत्तरादाखल युद्धगर्जना उठते. प्रेक्षागृहात टाळ्या पडतात त्या इथे. स्पार्टनाला लढण्यावाचून दुसरा धंदा नव्हता हे खरेच आहे. पण मग त्याचे शेत कोण नांगरीत होते?

ते नांगरीत होते हेलॉट. मेसेनिया आणि लॅकोनियातील जिंकलेले, जमिनीला बांधलेले लोक. पिकाचा ठरलेला वाटा धन्याला द्यायचा आणि युद्धात त्याचे सामानही वाहायचे. प्लॅटियाच्या रणात पाच हजार स्पार्टनांबरोबर प्रत्येकी सात, म्हणजे पस्तीस हजार हेलॉट होते, असे हिरोडोटस लिहितो. ॲरिस्टॉटलच्या आधारे प्लूटार्क सांगतो की स्पार्टाचे एफोर हे अधिकारी दरवर्षी पदावर येताच हेलॉटांविरुद्ध युद्ध पुकारीत. हेतू हा, की त्यांना मारल्याचे पातक लागू नये. थ्युसिडिडीसने त्याहून भीषण गोष्ट नोंदवली आहे. युद्धात सर्वाधिक पराक्रम केल्याचा दावा करणाऱ्या सुमारे दोन हजार हेलॉटांना स्पार्टाने निवडले, मुक्त झाल्याच्या खुणेचे हार घालून त्यांना देवळांभोवती फिरवले, आणि थोड्याच काळात ते नाहीसे झाले. प्रत्येक जण कसा मेला हे कुणालाच कळले नाही. 'मुक्त माणसे' हा शब्द चित्रपटात वारंवार घुमतो, तेव्हा हे दोन हजार आठवतात.

थर्मोपिलीतही हेलॉट होतेच. युरिटस आणि ॲरिस्टोडेमस हे दोन स्पार्टन डोळे आल्यामुळे छावणीमागच्या गावी पडून होते. शत्रूने डोंगरवाटेने वेढा घातल्याचे कळताच युरिटसने शस्त्रे मागवली आणि आपल्या हेलॉटाला हात धरून रणात न्यायला सांगितले. हेलॉटाने त्याला तिथवर पोचवले व तो पळाला. आंधळा युरिटस गर्दीत घुसून मेला. त्या हेलॉटाचे नाव हिरोडोटस देत नाही. ॲरिस्टोडेमस घरी परतला. डिलिओसशी त्याचे साम्य उघड आहे, पण त्याच्या वाट्याला श्रोते आले नाहीत. स्पार्टात त्याला कुणी विस्तव देईना, कुणी त्याच्याशी बोलेना. पुढे प्लॅटियात तो वेड्यासारखा लढून मेला, तरी मरणाच्याच इच्छेने लढला म्हणून त्याला सन्मान नाकारला गेला.

लढाईनंतर झर्क्सिसने आपल्या आरमारातील लोकांना रणांगण पाहायला बोलावले. त्याचे वीस हजार मेले होते. त्यांतले हजारच त्याने उघड्यावर ठेवले, बाकीचे चरांत पुरून वर पाला आणि माती टाकली. (थर्मोपिलीच्या दृश्यांची पहिली काटछाट ही अशी झाली, आणि हिरोडोटसच्या मते ती कुणालाच फसवू शकली नाही.) शत्रूची प्रेते मात्र एकत्र रचून ठेवली होती. पाहणाऱ्यांना वाटले, हे सारे लॅसिडेमोनियन आणि थेस्पियन. त्यांत हेलॉटही होते, एवढे एक वाक्य हिरोडोटस जोडतो आणि पुढे जातो.

उरतात थेस्पियन. वेढा पडल्यावर लिओनिडासने बहुतेक नगरांच्या तुकड्या परत धाडल्या. थीब्जच्या चारशेंना त्याने ओलीस म्हणून बळाने ठेवून घेतले, असे हिरोडोटस म्हणतो. प्लूटार्कला, जो स्वतः बिओशियाचा, हे मुळीच मान्य नव्हते. थेस्पियनांविषयी वाद नाही. डेमोफिलस हा त्यांचा नायक. जाण्याची मोकळीक असताना ते थांबले. स्पार्टा दूर दक्षिणेला, कॉरिंथच्या संयोगभूमीपलीकडे होता. थेस्पिया पर्शियन सैन्याच्या वाटेवर होते. खिंड पडली की पुढचा घाव आपल्याच घरांवर, हे त्या सातशेंना ठाऊक होते. नगराचे शस्त्रधारी नागरिक बहुधा तेवढेच होते.

मराठी वाचकाला थर्मोपिली बहुधा पावनखिंडीच्या तुलनेतून परिचित असते. तिथे बाजीप्रभूंबरोबर बांदलांचे नाव तरी घेतले जाते. डेमोफिलसचे नाव लिओनिडासबरोबर क्वचितच येते.

खिंड पडल्यावर झर्क्सिसने थेस्पिया जाळले. लोक आधीच पेलोपोनीसमध्ये निघून गेले होते. पुढल्या वर्षी प्लॅटियाच्या रणात उरलेले अठराशे थेस्पियन हजर होते. जड पायदळाची शस्त्रे त्यांच्यापाशी नव्हती.

थर्मोपिलीला लिओनिडासचे कांस्यस्मारक १९५५ मध्ये उभे राहिले. थेस्पियनांचे त्याच्या शेजारीच आहे, १९९७ चे : मस्तक नसलेली, पंख असलेली एक पुरुषाकृती. मिलरचे पुस्तक त्याच्या पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झाले.