प्रवचनकार आणि शुद्ध शब्द

उत्तर आफ्रिकेंतील हिप्पो नगरीचा बिशप ऑगस्टीन (३५४–४३०) हा पूर्वीं वक्तृत्वशास्त्राचा अध्यापक होता. आपल्या ‘ख्रिस्ती शिकवण’ या ग्रंथाचा प्रवचनकलेवरील चौथा भाग त्यानें सन ४२६ च्या सुमारास लिहिला. श्रोत्यांस शिकवावें, रिझवावें व कृतीस प्रवृत्त करावें, हें सूत्र त्यानें सिसेरोपासून घेतलें. अग्रमान मात्र शिकविण्यास दिला. लॅटिनमध्यें ‘ओस्’ दीर्घ उच्चारल्यास मुख, ऱ्हस्व उच्चारल्यास हाड. आफ्रिकी श्रोत्यांच्या कानांस हा भेद कळेना. तेव्हां हाडास ‘ओस्सुम्’ हें अशिष्ट रूप खुशाल योजावें, असें तो सांगतो. जन्मभर जपलेली शुद्धता श्रोत्यासाठीं सोडणें पंडितास सोपें नसतें. आम्हांस प्रवचनकलेचें मर्म येथेंच दिसतें. शब्द शुद्ध राहिला आणि श्रोता रिता परतला, तर तें प्रवचन कोणासाठीं?