उसनवारीचे हेडर

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी एका जुन्या पुस्तकातला लिनक्स ड्रायव्हर मी ओळीला ओळ उतरवून काढला. कंपायलर म्हणाला, 'सिग्नल पेंडिंग' नावाचं फंक्शन मला माहीत नाही. पुस्तकात सांगितलेली 'स्केड.एच' ही हेडर फाइल मी जोडली होती, ती जागेवरही होती. फंक्शनच घर बदलून गेलं होतं, हे कळायला दोन रात्री गेल्या. एप्रिल २०१७ मध्ये आलेल्या ४.११ या आवृत्तीत इंगो मोलनार यांनी 'स्केड.एच'चे तुकडे करून ते वेगळ्या फोल्डरात ठेवले होते.

त्यांच्यावर ही वेळ का आली, याचं मूळ बेल लॅब्जमध्ये आहे. १९७२-७३च्या सुमारास 'सी' भाषेत 'इन्क्लूड'ची सोय आली. सोय अगदी साधी: सांगितलेल्या फाइलचा मजकूर जसाच्या तसा इथे ओता. १९७३ साली युनिक्सचं कर्नल 'सी'मध्ये नव्याने लिहिलं गेलं. तेव्हा ते इतकं छोटं होतं, की कोणी काय कुठून घेतलंय हे डोक्यात मावत असे.

लिनक्समध्ये ते मावेना. 'स्केड.एच'मध्ये चालू प्रोसेसचं वर्णन करणारं 'टास्क स्ट्रक्ट' असतं. त्यात मेमरी, फाइली, सिग्नल अशा सगळ्यांचे दुवे. म्हणून त्या सगळ्यांचे हेडर त्यात आले. मग ड्रायव्हर लिहिणाऱ्याने ही एक फाइल जोडली, की बाकीचं आपोआप मिळू लागलं. शेजाऱ्याच्या घरी दूध येतं, म्हणून आपण रतीब लावायचाच नाही, तसं. प्रत्येक फाइल कंपाइल होताना हा सगळा पसारा पुन्हा वाचला जाई, आणि तो आवरायला गेलं की उसनवारीवर जगणाऱ्या फाइली मोडत.

२०२० च्या अखेरीस मोलनार यांनी पुन्हा हात घातला. पन्नास ते शंभर पॅच लागतील, असा त्यांचा अंदाज होता. २ जानेवारी २०२२ रोजी त्यांनी मांडले ते २,२९७ पॅच. नुसता पॉइंटर हवा असेल, तर स्ट्रक्टचं नाव जाहीर करणं पुरतं. आख्खा हेडर ओतावा लागत नाही. अशा युक्त्यांनी पूर्ण बिल्डचा वेग ५० ते ८० टक्क्यांनी वाढतो, असं त्यांनी दाखवलं. तरीही हा ढीग एकगठ्ठा स्वीकारला गेला नाही. इतके बदल तपासणार कोण? मार्च २०२४च्या ६.८ आवृत्तीत केंट ओव्हरस्ट्रीट यांनी 'स्केड.एच'ची आणखी छाटणी केली. काम संपलेलं नाही.

त्या दोन रात्री मी मोलनार यांना मनातल्या मनात बरंच बोललो होतो. आता मी जे नाव वापरतो, त्याचा हेडर स्वतः जोडतो. त्याच्यावाचून बिल्ड होत असलं तरीही.