भरलेला डंपर उतारावर: ब्रेकचा एक छोटा इतिहास

खाणीतल्या डंपरचा इतिहास वाचायला घेतला की आधी आकड्यांची शर्यतच हाती लागते. १९३४ मध्ये अमेरिकेतल्या ओहायोच्या युक्लिड कंपनीचा ट्रॅक-ट्रक आला, तो साधारण ११ टन माल न्यायचा. २०१३ मध्ये बेलारूसच्या बेलाझने ४५० टनी डंपर आणला. मधली ऐंशी वर्षं 'मोठा, मग त्याहून मोठा' अशीच सांगितली जातात. मला ही मांडणी अपुरी वाटते. माल लादणं त्यामानाने सोपं होतं. तो घेऊन उतारावर थांबायचं कसं, हा खरा प्रश्न.

जरा गणित करू. मालासकट ३८० टनांचा डंपर, १० टक्के उतार, वेग ताशी २० किमी. चाकांच्या घर्षणात २ टक्के गेले असं धरलं तर उरलेल्या ८ टक्क्यांची शक्ती होते जवळपास १६.६ लाख वॅट. म्हणजे दर सेकंदाला पाचेक लिटर पाणी उकळेल इतकी उष्णता! एवढ्या डंपरचं इंजिनही साधारण याच ताकदीचं असतं. थोडक्यात, उतरताना ब्रेकला इंजिनाइतकंच काम पडतं, आणि ते सलग कित्येक मिनिटं.

जुने ड्रम ब्रेक इथेच मार खायचे. ड्रम तापला की प्रसरण पावून ब्रेक-शूपासून लांब सरकतो, शिवाय तापलेल्या अस्तराचं घर्षणही घटतं. ड्रायव्हर पेडल आणखी दाबतो, उष्णता आणखी वाढते. ज्या क्षणी ब्रेक सगळ्यात जास्त हवा, नेमका त्याच क्षणी तो सगळ्यात कमी लागतो.

इथे राल्फ क्रेस या इंजिनिअरचं नाव घ्यायलाच हवं. १९५७ च्या हॉलपॅक डंपरमध्ये त्याने हौद्याला व्ही आकार दिला, त्यामुळे मालाचा गुरुत्वमध्य खाली आला. १९६२ मध्ये तो कॅटरपिलरमध्ये गेला आणि पुढच्याच वर्षी त्यांचा ३५ टनी ७६९ बाजारात आला, तेलाने थंड होणाऱ्या डिस्क ब्रेकसह. तेल फिरत राहतं, उष्णता रेडिएटरकडे नेतं. कल्पना साधीच आहे. पण 'ब्रेक अधिक जोरात कसा दाबायचा' याऐवजी 'उष्णता कुठे न्यायची' असा प्रश्न विचारला गेला, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. विषय शोधणाऱ्यांनी ही जागा दोनदा वाचावी.

त्याच दशकात इलेक्ट्रिक ड्राइव्हचे डंपर पसरले. उतारावर त्यांच्या चाकातल्या मोटारी जनरेटर होतात आणि तयार झालेली वीज रोधकांच्या जाळीत तापवून पंख्याने बाहेर फेकली जाते.

यंत्र सुधारलं तरी शिस्त लागतेच. उतार सुरू होण्याआधी गिअर ठरवायचा, न्यूट्रलमध्ये उतरायचं नाही, वेग रिटार्डरने धरायचा आणि सर्व्हिस ब्रेक थांबण्यासाठी राखून ठेवायचा. ओव्हरलोडसाठी १०-१०-२० असा नियम आहे: ठरलेल्या भारापेक्षा १० टक्क्यांहून जास्त भरलेल्या खेपा एकूण खेपांच्या १० टक्क्यांच्या आत हव्यात आणि २० टक्क्यांहून जास्त भरलेली एकही नको. 'खेपेला दोन बकेट जास्त टाकले की डिझेल वाचतं' हा हिशोब टायर, सस्पेन्शन आणि वरचं ब्रेकचं गणित विसरून केलेला असतो.

चंद्रपूर-वणीकडच्या खुल्या कोळसा खाणींत डंपर सहसा रिकामा खाली जातो आणि भरून वर चढतो, म्हणून ब्रेकवरचा ताण त्यामानाने कमी. डोंगरावरच्या खाणीत उलटं. स्वित्झर्लंडमध्ये बीलजवळच्या एका सिमेंट कंपनीच्या डोंगरी खाणीत नेमका याचाच फायदा घेतलाय. तिथला बॅटरीवरचा ई-डंपर रिकामा, म्हणजे सुमारे ४५ टन वजनाने, वर चढतो आणि ६५ टन दगड घेऊन खाली येतो. उतरताना मोटारी बॅटरी चार्ज करतात. चढायला खर्च झालेली बरीचशी वीज परत मिळते, आणि चांगल्या फेरीत थोडी शिल्लकही राहते असं बनवणारे सांगतात. साठ वर्षं जी उष्णता तेलात आणि जाळीत घालवली, ती इथे पुढच्या चढाला वापरली जाते.