बाळोती की डायपर? आधी सांगा, हात कुणाचा?

माझी मुलगी आता सात महिन्यांची आहे. ती घरी आली त्या आठवड्यात झबल्या-टोपऱ्यांपेक्षा डायपरची पाकिटंच जास्त भेट आली. मावशी बाळाला बघायला आली होती. मावशीनं पुण्यात वीस-बावीस वर्षं कचरा वेचला, गुडघे गेले तेव्हा थांबली. तिनं बाळाला मांडीवर घेतलं, कोपऱ्यातली पाकिटांची थप्पी बघितली आणि म्हणाली, "वापर बाबा, पोरीला बरं वाटत असंल तर वापर. फक्त उघडं टाकू नको. पुढं कुणीतरी ते हातानं उचलतंय."

मी समाजशास्त्रात एम.ए. केलंय. जातीवर आणि श्रमविभागणीवर पानंच्या पानं लिहिली आहेत. पण माझ्या घरातून बाहेर पडलेली घाण कुणाच्या हातात जाते, हा धडा मला त्या दिवशी मावशीनं दिला. हा लेख त्यातूनच आला आहे.

कापडी बाळोती की डायपर, यावर हल्ली दोन बाजूंनी बोललं जातं. एक बाजू पर्यावरणाची: डायपर कुजत नाही, प्लास्टिक वाढतं. दुसरी बाजू संस्कृतीची: आपल्या आजी-पणजीच्या काळात कसं सगळं शुद्ध होतं. पहिली बाजू अर्धी खरी आहे. दुसरी बाजू आपण तपासून घेतली पाहिजे, कारण त्या 'शुद्ध' काळात आपली आजी कुठे उभी होती, हे आपल्याला माहीत आहे. कापडाचा इतिहास या देशात जातीला सोडून सांगताच येत नाही.

कापड आणि मनू

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी काय नेसावं हे लिहून ठेवलं आहे: प्रेतावरची वस्त्रं. पाचव्या अध्यायात कुणाला शिवल्यावर आंघोळ करावी लागते, याची यादी आहे. त्या यादीत चांडाळ आहे, प्रेत आहे, विटाळशी बाई आहे आणि नुकतीच बाळंत झालेली आईसुद्धा आहे. ज्या बाईनं मूल जन्माला घातलं तिला चांडाळाच्या आणि प्रेताच्या रांगेत बसवणारा हा ग्रंथ आहे. 25 डिसेंबर 1927 ला महाडला तो जाळला गेला. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी आपल्या स्त्रियांना अस्पृश्यतेची ओळख सांगणारा पेहराव आणि दागिने टाकून द्यायला सांगितलं, स्वच्छ राहायला सांगितलं. पाण्याचा हक्क आणि अंगावरच्या कापडाचा सन्मान, दोन्ही मागण्या एकाच ठिकाणी उभ्या राहिल्या, हा योगायोग नव्हता.

गावगाड्यात हाच नियम रोजच्या व्यवहारात होता. परीट हा बलुतेदार, गावाचे कपडे धुणारा. पण त्याचं बलुतं स्पृश्यांसाठी. महारवाड्यातले, मांगवाड्यातले कपडे तो घेत नसे. खुद्द परीटसुद्धा लोकांचा मळ आणि विटाळ धुतो म्हणून उतरंडीत खालीच. बाबासाहेब ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हणतात, ती एका धुण्याच्या गाठोड्यात पाहायला मिळते. वरच्या घरात बाळंतपण झालं की सुईण म्हणून अनेक ठिकाणी मांग समाजातल्या बायका जात. नाळ कापायची त्यांनी, रक्ताची फडकी उचलायची त्यांनी. बाळाला पहिला हात लावणारी बाई तीच, आणि बारशाच्या दिवशी उंबऱ्याबाहेर बसणारीही तीच.

आपल्या वस्तीत बाळोती होती ती जुन्या लुगड्याची. नेसून, धुऊन, विरून मऊ झालेलं लुगडं फाडायचं, त्याचे चौकोनी तुकडे करायचे. उरलं तर गोधडी. हे सुंदर होतं असं मी म्हणणार नाही. दुसरं काही नव्हतं म्हणून ते होतं. बाबासाहेब आणि रमाईंची चार लेकरं गेली. त्यातल्या एकाला मूठमाती देताना नवं कापड आणायला पैसे नव्हते, तेव्हा रमाईंनी आपल्या लुगड्याचा तुकडा फाडून दिला, ही आठवण आपल्या घराघरात सांगितली जाते. कापडाच्या तुकड्याची किंमत आपल्याला दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नाही.

विणणारा हात

आणखी एक गोष्ट तरुणांना माहीत असावी. विदर्भातले महार हे जाडेभरडे सुती कापड विणणारे होते. गिरणीच्या कापडानं त्यांचा माग बंद पाडला. मग माणसं गिरणीतच कामाला गेली. पण मुंबईच्या गिरण्यांत जास्त पगाराच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत. कारण काय, तर धोट्यातून धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्याचं तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगार तोंडाला लावणार नाही. 1928 च्या मोठ्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. मालकाविरुद्ध एक होणारे कामगार धाग्यापाशी येऊन वेगळे होत होते. कापड विकत घेणाऱ्याला मात्र या भानगडीचा पत्ता नसे. धागा कुणाच्या तोंडाचा, हे दुकानात दिसत नाही. डायपर कुणाच्या हातात जातो, हेही दिसत नाही.

डायपर कुठून आला

आता समुद्रापलीकडे जाऊ, कारण डायपर तिथून आला. अमेरिकेत गुलामगिरी संपल्यावर दक्षिणेतल्या गोऱ्या घरांची धुणी कृष्णवर्णीय बायका धूत. 1881 मध्ये अटलांटा शहरात या धोबिणींनी संघटना केली, दर ठरवून मागितले आणि संप केला. अटकेची, परवान्याच्या जबर फीची भीती घातली तरी त्या हटल्या नाहीत. दलित पँथरनं ज्या ब्लॅक पँथरकडून प्रेरणा घेतली, त्यांच्या कितीतरी पिढ्या आधीचा हा लढा आहे. तिथेही प्रश्न तोच होता: कापड ज्याचं, धुणारा हात त्याचा नाही.

पुढे 1940 च्या दशकात मेरियन डोनोव्हन या आईनं न्हाणीघराचा पडदा कापून लंगोटावर घालायचं जलरोधक आवरण शिवलं. 1951 मध्ये तिला पेटंट मिळालं. पूर्णपणे फेकून देण्याच्या डायपरची तिची कल्पना कारखानदारांनी तेव्हा उचलली नाही. काही वर्षांनी व्हिक्टर मिल्स या रसायन अभियंत्यानं, नातवंडांचे लंगोट बदलून वैतागल्यावर, प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीत यावर काम सुरू करवलं. 1961 मध्ये पॅम्पर्स बाजारात आला. 1980 च्या दशकात त्यात पाणी शोषून जेलसारखी होणारी पावडर आली आणि डायपर पातळ झाला.

या शोधाची टिंगल करणाऱ्यांत मी नाही. तान्ह्या बाळाची बाळोती दिवसाला दहा-बारा वेळा बदलावी लागतात. हे काम हजारो वर्षं बाईच्याच माथी आहे. ते हलकं करणाऱ्या वस्तूला 'आळशी आयांचं खूळ' म्हणणारा पुरुष स्वतः किती बाळोती धुतो, हे आधी विचारावं. बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना सांगितलं होतं की, बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे आणि त्याचा भार सरकारनंही उचलला पाहिजे. आईच्या कष्टाकडे बघण्याची आपली परंपरा ही आहे.

घाण नाहीशी होत नाही

पण डायपरमुळे काम नाहीसं झालं का? नाही. ते दुसऱ्याकडे गेलं. 1990 नंतर डायपर आपल्या शहरांत आला, आधी श्रीमंतांच्या घरात, मग मध्यमवर्गात, आता वस्तीच्या दुकानात एकेक सुटा मिळतो. घरातली आई मोकळी झाली आणि ती शी, गुंडाळी करून, कचऱ्याच्या डब्यात गेली. पूर्वी ती निदान संडासात किंवा मोरीत जात होती.

डब्यापासून पुढे कोण आहे? पुण्यात 1993 मध्ये कचरावेचकांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. तिच्यातल्या बहुसंख्य बायका दलित, त्यातल्या कितीतरी जणींची घरं 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातून आलेली. 2008 पासून याच कष्टकऱ्यांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था महापालिकेशी करार करून दारोदारचा कचरा गोळा करू लागली. 2013 मध्ये त्यांनी वापरलेले सॅनिटरी नॅपकिन पिशव्यांत भरून थेट बनवणाऱ्या कंपन्यांना परत पाठवले: तुमचा माल, तुमची जबाबदारी. 2016 च्या घनकचरा नियमांत नॅपकिनबरोबर डायपरचंही नाव आलं. वापरणाऱ्यानं ते नीट गुंडाळून वेगळं द्यावं, आणि कंपनीनं पुनर्वापराचं साहित्य तरी वापरावं किंवा प्रत्येक नगासोबत गुंडाळायला पिशवी द्यावी, असं त्यात लिहिलं गेलं. ओल्या कचऱ्यातून उघडा डायपर हातानं वेगळा करणाऱ्या बायकांनी बोलायला सुरुवात केली, म्हणून हा विषय कायद्याच्या कागदापर्यंत पोचला.

हातानं मैला उचलण्यावर 1993 मध्ये कायदा झाला, 2013 मध्ये दुसरा झाला. पण या कायद्यांच्या नजरेत मैला म्हणजे संडासातला, गटारातला. प्लास्टिकच्या घडीत बंद झालेला मैला 'कचरा' होतो आणि तो उचलणारी बाई 'कचरावेचक'. नाव बदललं, हात तोच राहिला. 'जातिप्रथेचं निर्मूलन'मध्ये बाबासाहेबांनी मांडलेला मुद्दा इथे लागू पडतो: जात ही नुसती कामाची वाटणी नाही, काम करणाऱ्यांची वाटणी आहे. नवी वस्तू आली, नवी कंपनी आली, पण त्या वाटणीतला शेवटचा माणूस बदलला नाही.

मग आपण काय करायचं?

इथे धम्माकडे बघू. विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसारानं आजारी, आपल्याच मलमूत्रात पडलेला. बाकीचे भिक्खू त्याच्याकडे फिरकत नाहीत. तथागत आनंदला पाणी आणायला सांगतात, स्वतः पाणी ओततात, दोघं मिळून त्याला धुतात आणि उचलून बिछान्यावर ठेवतात. मग संघाला सांगतात, माझी सेवा करायची असेल तर आजाऱ्याची करा. मनू सांगतो, शिवलात तर आंघोळ करा. बुद्ध सांगतात, हात लावा आणि धुवा. आपण 1956 मध्ये कोणती बाजू निवडली, ते बाळोत्याच्या बादलीपाशीही आठवलं पाहिजे.

आमच्या घरात आम्ही कापडी बाळोती निवडली. आजी वापरायची म्हणून नाही. आमच्या मुलीची शी आमच्याच संडासात जावी आणि आमच्याच हातानं धुतली जावी म्हणून. सकाळची खेप मी धुतो, संध्याकाळची बायको. आधी शी संडासात झटकायची, मग थंड पाण्यात भिजत घालायची, मग साबण, गरम पाणी आणि कडक ऊन. पहिल्या आठवड्यात मला मळमळलं, हेही सांगतो. तेव्हा मावशीची वीस वर्षं आठवली आणि स्वतःचीच लाज वाटली.

अडचणी आहेत. पहिली पाण्याची. ज्या वस्तीत टँकर येतो, जिथे हंड्याला रांग आहे, तिथल्या आईला बाळोती धुण्याचा उपदेश करणं हा उद्धटपणा आहे. चवदार तळ्याचा वारसा सांगणाऱ्यांनी आधी तिच्या नळासाठी मोर्चा काढावा. दुसरी अडचण वेळेची: दोन पाळ्यांत राबणाऱ्या आई-बापांना डायपर लागणारच. तिसरी, पावसाळ्यात खोलीभर दोऱ्या बांधूनही कापड वाळत नाही, आणि ओलसर बाळोत्यानं अंगावर पुरळ येतं. आम्हीही जुलै-ऑगस्टमध्ये आणि प्रवासात डायपर वापरले. पर्यावरणाचं गणितही वाटतं तितकं सरळ नाही. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेच्या 2008 च्या अभ्यासात दिसलं की कापडी लंगोटाचा फायदा तो कसा धुता, कसा वाळवता, दुसऱ्या बाळाला वापरता का, यावर ठरतो. दोरीवर वाळवणाऱ्या आणि धाकट्याला थोरल्याचं घालणाऱ्या आपल्या घरांना तो फायदा सहज मिळतो, एवढं मात्र खरं.

म्हणून माझं म्हणणं कापडाच्या भक्तीचं नाही. पाणी आणि वेळ असेल तर बाळोती वापरा, आणि ती बापानंही धुवावीत. ती धुण्यासाठी कामवाली ठेवणार असाल तर तुम्ही फक्त मावशी बदलली. डायपर वापरलात तर शी संडासात टाका, डायपर वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळा, त्यावर लाल खूण करा आणि ओल्या-सुक्या कचऱ्यात न मिसळता वेगळा द्या. आपल्या सोसायटीत, वस्तीत, विहारात हे सांगा. वॉर्ड ऑफिसला विचारा की कचरावेचकांना हातमोजे का मिळत नाहीत. कंपन्यांना विचारा की पिशव्या कुठे आहेत.

गेल्या महिन्यात मावशी परत आली. दोरीवर वाळत घातलेली बाळोती बघून तिनं विचारलं, "कोण धुतं रे?" मी म्हणालो, "मी." ती हसली, म्हणाली, "मग साबण कमी लाव. खळबळून काढ दोनदा, नायतर पोरीला खाज सुटंल."

शाबासकी दिली नाही. बरोबरच आहे. स्वतःच्या लेकराची शी धुणं हा काही पराक्रम नव्हे.

जय भीम. नमो बुद्धाय.